२१४७४८३६४७ : मोठी मूळ संख्या वहीवर तपासायची कशी

एखादी संख्या मूळ आहे का असं विचारलं की बहुतेक जण २, ३, ५, ७ अशा क्रमाने भाग द्यायला बसतात. सहा अंकांपर्यंत ते ठीक आहे. दहा अंकांना त्यात दिवसच्या दिवस जातात, आणि कोट्यवधी अंकांच्या संख्येपुढे ही पद्धत निरुपयोगी आहे. मोठ्या मूळ संख्या तपासल्या जातात त्या त्यांच्या घडणीवरून. संख्या कोणत्या रूपात लिहिता येते, तिच्या एकाने आधीच्या आणि एकाने पुढच्या संख्येचे अवयव कोणते, हे कळलं की काम हजारो पटींनी कमी होतं. हे सगळं एकाच संख्येवर करून पाहू: २,१४,७४,८३,६४७, म्हणजे २^३१ − १. इथे ^ ही खूण घाताची आहे. या संख्येला पुढे ‘म’ म्हणू.

साहित्य थोडंच लागतं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात कुठेही मिळणारी चौकटीची वही, दहा अंक दाखवणारा सायंटिफिक कॅल्क्युलेटर, आणि शेवटच्या भागांसाठी पायथन असलेला संगणक. ऑलिंपियाडची तयारी करणाऱ्या आठवी-नववीच्या मुलांना हे सगळं झेपतं. गणिताच्या शिक्षकांना पाच-सहा तासिकांत वर्गात करून घेता येईल.

आधी हात बसवा: पुण्याचे पिनकोड

थेट दहा अंकांवर जाण्याआधी सहा अंकांवर सराव करा. पुणे शहराचे पिनकोड ४११०ने सुरू होतात, आणि त्यांत एक सोय दडलेली आहे. ४११००० = ३००० × १३७. म्हणजे ४११०००ला २, ३ आणि ५ या तिन्हींनी पूर्ण भाग जातो. त्यामुळे पिनकोडला या तिघांनी भाग जातो का, हे शेवटच्या दोन अंकांवरूनच कळतं. कोथरूडचा ४११०३८ सम आहे, तो लगेच बाद. ४११००१ ते ४११०६० या साठ संख्यांपैकी अशा चाळणीत फक्त १६ उरतात: शेवटचे अंक ०१, ०७, ११, १३, १७, १९, २३, २९, ३१, ३७, ४१, ४३, ४७, ४९, ५३, ५९.

आता ७ घ्या. ४११०००ला ७ने भागल्यावर बाकी २ उरते. म्हणून ज्या शेवटच्या अंकांत २ मिळवल्यावर ७ने भाग जातो, ते पिनकोड बाद: १९ आणि ४७. ११साठी बाकी ७, म्हणून ३७ आणि ५९ बाद. प्रत्येक मूळ संख्येसाठी एकच भागाकार करायचा आणि सोळाही संख्या एका झटक्यात तपासायच्या. प्रत्येक पिनकोडला वेगवेगळा भाग देत बसलात तर सोळा पट काम होईल.

कुठपर्यंत जायचं? ६४१^२ = ४१०८८१ आणि पुढची मूळ संख्या ६४३, तिचा वर्ग ४१३४४९. म्हणून ६४१पर्यंत. मधेच थांबलात तर फसाल. खडकवासल्याचा ४११०२३ हा पिनकोड शंभरापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांना दाद देत नाही आणि मग १३९ला सापडतो: १३९ × २९५७. मार्केट यार्डचा ४११०३७ मात्र ११ × ११ × ४३ × ७९ असा पटकन उघडतो. धनकवडीचा ४११०४३ = १७ × २४१७९.

शेवटी उरतात ४११००१, ४११००७, ४११०११, ४११०१३, ४११०३१, ४११०४१ आणि ४११०४९. या सातही मूळ संख्या आहेत. ४११००१ कॅम्पचा, ४११००७ विद्यापीठाच्या गणेशखिंडीचा, ४११०४१ वडगाव बुद्रुकचा. ४११०११ आणि ४११०१३ ही जोडमूळ संख्यांची, म्हणजे दोनच्याच फरकाने येणाऱ्या मूळ संख्यांची, जोडी आहे. तुमचं उत्तर यापेक्षा वेगळं आलं तर सर्वांत आधी बाकी काढण्याच्या पायरीकडे बघा. चूक बहुतेक वेळा तिथेच असते.

‘म’ची ओळख

२^१० = १०२४ पासून सुरुवात करा. त्याचा वर्ग १०४८५७६ म्हणजे २^२०. या दोघांचा गुणाकार १०७३७४१८२४, म्हणजे २^३०. दुप्पट करून एक वजा केला की २१४७४८३६४७.

साध्या कसोट्या आधी उरकून घ्या. अंकांची बेरीज ४६, म्हणून ३ने भाग जात नाही. ७, ११ आणि १३ यांची तपासणी एकत्र होते, कारण १००१ = ७ × ११ × १३. उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि एकाआड एक वजा-अधिक करा: ६४७ − ४८३ + १४७ − २ = ३०९. या ३०९ला ७ने भागून बाकी १, ११ने १, १३ने १०. तिघेही बाद.

आता वर्गमूळ. ४६३४०^२ = २१४७३९५६०० आणि ४६३४१^२ = २१४७४८८२८१, म्हणून ४६३४०पर्यंतच्या मूळ संख्या तपासायला हव्यात. त्या आहेत ४७९२. एकेका भागाकाराला एक मिनिट धरलं तरी ऐंशी तास.

घातांकाबद्दल एक गोष्ट इथेच पक्की करून ठेवा. २^न − १ मूळ असेल तर न मूळ असलाच पाहिजे; उदाहरणार्थ १५ = ३ × ५, म्हणून २^१५ − १ = ३२७६७ला २^३ − १ आणि २^५ − १ या दोघांनीही भाग जातो. उलट बाजू मात्र खरी नाही. ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. ही गफलत फार दिसते, परीक्षेच्या उत्तरपत्रिकांतसुद्धा.

४७९२ वरून ऐंशीपर्यंत

समजा भ ही मूळ संख्या ‘म’ला भागते. मग २^३१ला भ ने भागल्यावर बाकी १ उरते. २चे घात १, २, ३... असे वाढवत नेले तर भ ने भागून बाकी पहिल्यांदा १ कधी येते? ज्या घाताला ती पहिल्यांदा येते, तो घातांक ३१ला भागलाच पाहिजे. ३१ मूळ असल्यामुळे तो १ किंवा ३१. १ शक्य नाही, कारण मग भ ने २ − १ म्हणजे १ला भागायला हवं. म्हणून तो ३१च. फर्माचा प्रमेय सांगतो की २^(भ−१)चीही बाकी १ असते, म्हणून ३१ने भ − १ला भाग जातो. भ विषम असल्यामुळे २नेही जातो. निष्कर्ष: भ ही ६२च्या पटीपेक्षा एकाने मोठी.

इथे थांबू नका, अजून एक चाळणी फुकटात मिळते. २^३१ची बाकी १, म्हणून २^३२ची बाकी २. पण २^३२ हा २^१६चा वर्ग आहे. म्हणजे भ ने भागताना २ ही संख्या कशाच्या तरी वर्गाची बाकी ठरते, आणि असं फक्त तेव्हाच होतं जेव्हा भ ला ८ने भागून बाकी १ किंवा ७ उरते. दोन्ही अटी एकत्र केल्या की भ चं रूप ठरतं: २४८क + १ किंवा २४८क + ६३.

४६३४०पर्यंत अशा संख्या ३७३ होतात: पहिल्या प्रकारच्या १८६, दुसऱ्या प्रकारच्या १८७. त्यातली ६३ स्वतःच संयुक्त, ती काढली की ३७२. त्यांतल्याही बहुतेक संयुक्त असतात. पहिल्या काही पाहा: २४९ = ३ × ८३, ३११ मूळ, ४९७ = ७ × ७१, ५५९ = १३ × ४३, ७४५ला ५ने जातो, ८०७ = ३ × २६९, ९९३ = ३ × ३३१, १०५५ला ५ने, १२४१ = १७ × ७३, १३०३ मूळ, १४८९ मूळ. शेवटी खरोखर भाग देऊन पाहण्याजोग्या संख्या ऐंशीच्या आसपास उरतात. ऑयलर यांनी १७७२मध्ये ‘म’ मूळ असल्याचं याच वाटेने दाखवलं. तोवर त्यांची दृष्टी जवळजवळ गेलेली होती.

एक तपासणी पूर्ण करू, ३११ची. ‘म’ला सरळ भागण्याऐवजी २चे घात वाढवत जायचं आणि प्रत्येक पायरीला बाकी लहान करायची. उणे बाकी चालते, उलट तीच सोयीची.

२^८ = २५६, बाकी −५५.
२^१६: ५५^२ = ३०२५, बाकी २२६, म्हणजे −८५.
२^२४: ५५ × ८५ = ४६७५, बाकी १०.
२^२८: १६०.
२^३१: १६० × ८ = १२८०, बाकी ३६.

एक वजा करून ३५. भाग जात नाही. कॅल्क्युलेटरवर पडताळा: ३११ × ६९०५०९२ = २१४७४८३६१२, वर उरले ३५. जुळलं. १३०३साठी याच रीतीने बाकी २२६ आली पाहिजे. २^१०ची बाकी −२७९ आणि २^२०ची −३३९ येते, तिथपर्यंत स्वतः करून बघा.

कॅल्क्युलेटरवर दशांश अपूर्णांक बघून ‘भाग गेला’ म्हणायचं नाही, हा नियम मोडू नका. भागाकाराचा पूर्णांक भाग घ्यायचा, परत गुणायचं आणि वजाबाकी करायची. दहा अंकांच्या पडद्यावर शेवटचे दशांश गोल केलेले असतात.

ल्युका–लेहमर कसोटी

ऐंशी भागाकार हे दोन-तीन दिवसांचं काम झालं. त्याहून सुंदर कसोटी एदुआर ल्युका यांनी १८७८मध्ये दिली आणि डी. एच. लेहमर यांनी १९३०मध्ये आजच्या रूपात आणली. ती २^न − १ या रूपाच्या संख्यांनाच लागू पडते आणि तिला एकही संभाव्य विभाजक लागत नाही. कृती अशी: ४ घ्या. वर्ग करा, २ वजा करा, तपासायच्या संख्येने भागून बाकी ठेवा. हे न − २ वेळा करा. शेवटी ० आलं तर संख्या मूळ, नाहीतर संयुक्त. दोन्ही बाजूंनी पक्की कसोटी, कुठेही ‘बहुधा’ नाही. न मात्र विषम मूळ संख्या असावी लागते.

२^७ − १ = १२७वर पाच पायऱ्या करून पाहा:

४ → १४
१४ → १९४ → ६७
६७ → ४४८७ → ४२
४२ → १७६२ → १११
१११ → १२३१९ → ०

बाकी काढायला १२७ने भागण्याची गरज नाही. १२८ला १२७ने भागून बाकी १ उरते, म्हणून संख्येचे १२८चे किती गठ्ठे होतात ते मोजायचे आणि उरलेल्यात मिळवायचे. ४४८७ = ३५ × १२८ + ७, म्हणून बाकी ३५ + ७ = ४२. १७६२ = १३ × १२८ + ९८, बाकी १११. शेवटच्या पायरीत १२३१९ = ९६ × १२८ + ३१, बेरीज १२७. इथे विद्यार्थी १२७ लिहून थांबतात आणि संख्या संयुक्त ठरवून मोकळे होतात. १२७ म्हणजे इथे ०च. संगणकाच्या प्रोग्रॅममध्येही हीच चूक होते. बेरीज संख्येइतकी आली तर शून्य करायची ओळ लिहावीच लागते. दुसरी नेहमीची चूक पायऱ्या मोजण्याची. सुरुवातीचा ४ ही पायरी नव्हे.

कसोटी नापास कशी होते तेही एकदा अनुभवा. २०४७वर नऊ पायऱ्या: १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२, १७३६. शेवटी शून्य नाही. लक्षात घ्या, २३ आणि ८९ हे अवयव कुठेच दिसले नाहीत. संख्या संयुक्त आहे एवढं कळलं, अवयव कळले नाहीत. या कसोटीचा हा स्वभावच आहे.

आता ‘म’. २९ पायऱ्या. पहिल्या चार सोप्या: १४, १९४, ३७६३४, १४१६३१७९५४. पाचवीपासून वर्ग अठरा-एकोणीस अंकी होतो आणि इथे साधनं दगा देतात. एक्सेल १५ अंकांपुढचे आकडे शून्य करून टाकतं आणि कुठलीही सूचना देत नाही. कॅल्क्युलेटर दहाचा घात दाखवून मोकळा होतो. वहीवर करायचं तर दोन युक्त्या वापरा.

पहिली: अर्ध्यापेक्षा मोठी संख्या असेल तर तिच्याऐवजी ‘म’मधून ती वजा करून आलेल्या संख्येचा वर्ग करा. बाकी तीच येते, आकडे लहान. १४१६३१७९५४ऐवजी ७३११६५६९३ घ्या. ती ७३१ दशलक्ष आणि १६५६९३ अशी फोडून वर्ग केला आणि २ वजा केले की ५३४६०३२७०६२०१७०२४७. ‘म’ने भागून भागाकार २४८९४४०४७, बाकी ६६९६७०८३८.

दुसरी: प्रत्येक पायरीला नऊचा ताळा, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज. ‘म’च्या अंकांची बेरीज ४६, म्हणजे ९च्या हिशोबात १. त्यामुळे भागाकाराचा ताळा अधिक बाकीचा ताळा हा वर्ग वजा २च्या ताळ्याइतका असला पाहिजे. ७३११६५६९३चा ताळा ५; ५^२ − २ = २३, ताळा ५. भागाकाराच्या अंकांची बेरीज ४२, ताळा ६. बाकीची बेरीज ५३, ताळा ८. ६ + ८ = १४, ताळा ५. जुळलं. अंकांची अदलाबदल, ५७च्या जागी ७५, नऊचा ताळा पकडत नाही. म्हणून सोबत अकराचाही ताळा (११ने भागून उरणारी बाकी) घ्या. एका पायरीत चूक झाली तर पुढच्या सगळ्या पायऱ्या वाया जातात आणि शेवटी शून्य न आल्यावर चूक कुठे झाली ते शोधायला मार्ग उरत नाही. ताळ्याचे दोन मिनिटं वाचवू नका.

सहाव्या पायरीला १९३७२५९४१९ यायला हवं. सत्ताविसाव्याला ११८१५३६७०८. आणि अठ्ठाविसाव्याला ६५५३६, म्हणजे २^१६! त्याचा वर्ग २^३२, तो ‘म’ने भागून बाकी २, दोन वजा केले की शून्य. एकोणतीस पायऱ्यांत दहा अंकी आकड्यांचा गोंधळ चाललेला असतो आणि शेवटाच्या आधी असा स्वच्छ घात समोर येतो. तिथपर्यंत हाताने पोचणं हा या विषयातला खरा आनंद आहे, म्हणून निदान एकदा तरी संगणकाशिवाय करा.

पायथनमध्ये पूर्णांकाला अंकांची मर्यादा नाही, त्यामुळे काम पाच ओळींचं. फक्त भागाकारासाठी एकेरी तिरकी रेघ वापरू नका, तिने दशांश उत्तर येतं आणि अचूकता जाते. बाकीसाठी % ही खूण, पूर्णांक भागाकारासाठी दुहेरी तिरकी रेघ.

फर्माची कसोटी आणि तिचा सापळा

कोणत्याही रूपाच्या संख्येला लागू पडणारी झटपट कसोटी म्हणजे फर्माची: पाया घ्या, त्याचा (संख्या − १)वा घात काढा, बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त. बाकी १ आली तर मात्र काही सिद्ध होत नाही. ३४१ = ११ × ३१ ही संख्या २ या पायाला फसवते, कारण २^१० = १०२४ = ३ × ३४१ + १. ५६१ = ३ × ११ × १७ तर तिच्याशी सामाईक अवयव नसलेल्या प्रत्येक पायाला फसवते.

आपल्या संख्येसाठी याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की २ हा पाया इथे अजिबात वापरायचा नाही. न मूळ असेल तर २^न − १ ही संख्या २ या पायावर नेहमीच उत्तीर्ण होते, मूळ असो वा नसो. २०४७सुद्धा होते. कारण साधं: २^न ची बाकी १ आहेच, आणि संख्या − १ म्हणजे २^न − २ला न ने भाग जातो.

म्हणून पाया ३. आणि हिशोब असा मांडा: ३पासून सुरुवात करून ३० वेळा नुसता वर्ग करत जा, दर वेळी ‘म’ने बाकी. शेवटी −३ म्हणजे २१४७४८३६४४ आलं पाहिजे. अजून एकदा वर्ग केला की ९. पायथनमध्ये तीन आकडे घेणारं पॉव फंक्शन हेच करतं. दोन आकड्यांचं पॉव वापरून नंतर % लावलंत तर संगणक आधी अब्जभर अंकांची संख्या बांधायला जाईल आणि मेमरी संपेल.

सर्वसाधारण दहा अंकी संख्येसाठी मिलर–राबिन कसोटी घ्या, फर्माच्या कसोटीचंच ते कडक रूप. ४७५९१२३१४१पेक्षा लहान कोणत्याही संख्येसाठी २, ७ आणि ६१ हे तीन पाये पुरतात; तिघांनाही उत्तीर्ण झालेली संख्या मूळच असते. कोणत्याही रूपाच्या संख्येसाठी, कितीही मोठी असली तरी, निःसंदिग्ध उत्तर ठरावीक गतीने देणारी रीत २००२मध्ये कानपूरच्या आयआयटीत अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी शोधली. सिद्धांत म्हणून ती मोठी घटना आहे. प्रत्यक्ष हिशोबाला मात्र इतर रीती कितीतरी वेगवान पडतात.

‘म’च्या आधीची संख्या

म − १ = २^३१ − २ = २ × ३२७६७ × ३२७६९. यातला पहिला ७ × ३१ × १५१, दुसरा ३ × ३ × ११ × ३३१. म्हणजे म − १चे सगळे मूळ अवयव हातात: २, ३, ७, ११, ३१, १५१, ३३१. मोठ्या संख्यांच्या बाबतीत हे भाग्य क्वचित लाभतं.

याचा उपयोग करून ‘म’ मूळ असल्याचा स्वतंत्र पुरावा लिहिता येतो. पाया ७ घ्या. ७चा (म − १)वा घात काढा, बाकी १ आली पाहिजे. मग म − १ला वरच्या सात अवयवांनी एकेकदा भागून मिळणारे घातांक घ्या: १०७३७४१८२३, ७१५८२७८८२, ३०६७८३३७८, १९५२२५७८६, ६९२७३६६६, १४२२१७४६, ६४८७८६६. या सातांपैकी एकाही घाताला बाकी १ येता कामा नये. तसं झालं तर ७चे घात म − १ वेळा फिरून मगच १वर परततात, म्हणजे १ ते म − १ ही प्रत्येक बाकी एकदाच भेटते. ‘म’ संयुक्त असती तर हे अशक्य. १ ते ६मधला कोणताही पाया या कामाला चालत नाही. ७ हा सर्वांत लहान.

याच गुणावर यादृच्छिक संख्या तयार करण्याची एक प्रसिद्ध रीत उभी आहे. पार्क आणि मिलर यांनी १९८८मध्ये ती किमान दर्जा म्हणून सुचवली. आधीच्या संख्येला १६८०७ने गुणा, ‘म’ने बाकी घ्या. १६८०७ = ७^५, आणि ५ने म − १ला भाग जात नाही, म्हणून ७चा गुण त्यातही उतरतो. १ने सुरुवात केली तर १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३... आणि २१४७४८३६४६ पायऱ्यांनंतर पुन्हा १. स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम तपासायचा असेल तर दहा हजार पायऱ्यांनंतर १०४३६१८०६५ यायला हवं. वेगळं आलं तर गुणाकार ३२ बिटांच्या चलात मावलेला नाही. ६४ बिटांचं चल घ्या. सुरुवात ०ने केली तर कायम ०च येत राहील. पासवर्ड किंवा किल्ल्या बनवायला ही रीत वापरू नका: एक संख्या कळली की पुढच्या सगळ्या कळतात.

आणखी काही गुण, थोडक्यात

२^३० × म = २३०५८४३००८१३९९५२१२८ ही परिपूर्ण संख्या आहे: स्वतःला सोडून सगळ्या विभाजकांची बेरीज तेवढीच.

३१ स्वतः २^५ − १ आहे. आधीची संख्या घातांक म्हणून ठेवत ३, ७, १२७ असं करत २^१२७ − १ही मूळ निघते, म्हणून ‘म’ घातांक म्हणून ठेवला तर २^म − १ही मूळ असेल असं वाटू शकतं. तिचे अंक ६४,६४,५६,९९३. पण ती संयुक्त आहे. १९८३मध्ये तिचा २९५२५७५२६६२६०३१ हा अवयव सापडला. आपण वर काढलेल्या नियमाप्रमाणेच तो २ × म × ६८७४५ + १ या रूपाचा आहे; गुणाकार करून खात्री करा.

३२ बिटांच्या चिन्हासह पूर्णांकाची कमाल किंमत ‘म’च. म्हणूनच १९७०च्या सुरुवातीपासूनचे सेकंद अशा चलात साठवणारी जुनी यंत्रणा १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेप्रमाणे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनंतर उणे आकड्यांत जाईल.

घरच्या संगणकावर मोठे घातांक

आज ज्ञात असलेल्यांत २^१३६२७९८४१ − १ ही मूळ संख्या विक्रमी आहे. अंक ४,१०,२४,३२०. अशा मूळ संख्या शोधणाऱ्या गिम्प्स या जागतिक प्रकल्पात ल्यूक ड्युरंट यांनी ती ऑक्टोबर २०२४मध्ये शोधली. आधी डब्लिनमधल्या ग्राफिक्स कार्डावर पाया ३ची कसोटी, मग सॅन अँटोनियोतल्या दुसऱ्या कार्डावर ल्युका–लेहमर. म्हणजे तुम्ही वहीवर केलेल्या दोन्ही कृती, फक्त वर्ग चार कोटी अंकांचे.

भाग घ्यायचा असेल तर प्राइम९५ हा मोफत प्रोग्रॅम उतरवा. काम मागण्याआधी त्याची छळ-कसोटी (टॉर्चर टेस्ट) रात्रभर चालवा. तिच्यात एकही त्रुटी दिसली तर तो संगणक या कामाला लावू नका. मेमरीचा किंवा प्रोसेसरचा दोष असतो आणि एक चुकलेला बिट आठवड्यांचं काम नासवतो. एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत प्रोसेसर तापून वेग आपोआप उतरतो, म्हणून निम्मेच कोअर द्या आणि पंख्याची धूळ आधी काढा. वेग वाढवण्यासाठी ओव्हरक्लॉक केलेलं असेल तर ते बंद करा. वीज गेली तरी प्रोग्रॅम अधूनमधून साठवलेल्या टप्प्यावरून पुढे सुरू होतो, पण तो टप्पा किती मिनिटांनी साठवायचा हे सेटिंगमध्ये पाहून घ्या. यूपीएस नसेल तर दहा मिनिटं ठेवा.

नव्या घातांकासाठी पाया ३ची कसोटी निवडा. तिच्यात वर्गांच्या लांबलचक साखळीवर मधूनमधून गेर्बिच यांची ताळा-पद्धत चालते. चूक सापडली की प्रोग्रॅम शेवटच्या बरोबर टप्प्यावर परत जातो. ल्युका–लेहमरच्या साखळीत ‘वजा २’ असल्यामुळे हा ताळा तिथे लावता येत नाही, म्हणून तिचे निकाल पूर्वी दुसऱ्या संगणकावर सगळे पुन्हा काढून पडताळावे लागत. आता पाया ३च्या कसोटीबरोबर एक प्रमाण-फाइल (प्रूफ फाइल) तयार होते, तिच्यावरून निकाल थोडक्यात पडताळता येतो. ती ठेवायला डिस्कवर काही गिगाबाइट जागा मोकळी सोडा, नाहीतर फाइल न बनताच काम संपतं आणि निकालाची पडताळणी कुणाला तरी पहिल्यापासून करावी लागते.